केव्हा, ते सांग

हिल्ट्रूड विचारते, आवाज केव्हा येतो.
गिऱ्हाईक सांगतं, कसा येतो.

मागच्या आठवड्यात एकाच्या गाडीत रातकिडा होता,
एकीच्या गाडीत खिशातली चिल्लर,
आणि आज लाम्बर्ट्झ सर, शाळेतून निवृत्त, हातमोजे न काढता:
"कोणीतरी सीटखाली बसून कॉफी दळतंय."
ती कागदावर काहीच लिहीत नाही.
उपमांनी बिल वाढतं, नंतर मला म्हणते,
कॉफी म्हटलं की माणूस कॉफीच ऐकत बसतो.

बाहेर आयफेलच्या डोंगरावर फेब्रुवारीचा चिखलबर्फ.
गाडी नारिंगी, दोन दारांची, माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी.
इंजिन पुढे, गिअरबॉक्स पार मागे,
आणि मधल्या नळीत अंगठ्याएवढा जाड शाफ्ट,
अबोला धरलेल्या दोन भावांमधला निरोप्या.
(ही उपमा झाली. खोडतो.)

हिल्ट्रूडला चार हजारांच्या वरचं ऐकू येत नाही.
डॉक्टरांनी आलेख काढून दिला, तो तिने
पान्यांच्या कपाटावर डकवलाय, टायरच्या तक्त्याशेजारी.
रेषा सरळ येते, येते,
आणि मग पायरी चुकल्यासारखी खाली.
वरचं तू, खालचं मी, अशी आमची वाटणी.

चढावर मी चालवतो, ती शेजारी.
दुसरा गिअर, साठ. "आता?"
आहे.
"पाय उचल. आता?"
आहे, पण पातळ.
डावं वळण, सगळं वजन उजव्या चाकांवर. "वाढला?"
नाही.
चाकांची बेअरिंग संशयातून सुटली.
ओढताना घुमत नाही, सोडताना कण्हत नाही,
म्हणजे डिफरन्शियलही सुटला.
लाकडं रचलेल्या एका वाडीपाशी थांबतो. न्यूट्रल.
"क्लच दाब."
खरखर लगेच मरत नाही.
दमत दमत, गोल गोल, खाली बसते.
"सोड."
पुन्हा उठते.
"क्लचचं बेअरिंग असतं तर दाबल्यावर ओरडलं असतं.
हे सोडल्यावर बोलतंय."

मग गाडी लिफ्टवर, इंजिन चालू.
हिल्ट्रूड हातभर लांब स्क्रूड्रायव्हर घेते,
टोक नळीला, मूठ जबड्याच्या हाडाला.
डोळे मिटत नाही. डोळे सिनेमात मिटतात.
मी टॉर्च धरून; एक वीत मागे, अजून एक.
तिसऱ्या जागी तिच्या कानातला डूल थरथरतो.
मला ते आधी दिसतं, ती नंतर म्हणते:
"इथे."

बेअरिंग निघेपर्यंत दोन दिवस आणि एक गंजलेला बोल्ट.
बोल्टची गोष्ट वेगळी, ती शिव्यांसकट सांगायला हवी.
तळहातावर ते पोलादी कडं, फारच साधं.
बोटाने फिरवलं तर एका जागी अडतं, किंचित,
बोलता बोलता एखाद्या नावापाशी आपण जसं
खोडतो.

शनिवारी सरांचा फोन:
"कॉफी गेली. पण आता एक घड्याळ ऐकू येतंय."
हिल्ट्रूड रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावते, बऱ्या.
"ते आधीपासून असणार. दळण थांबलं म्हणून कळलं.
केव्हा येतं?"

आमच्या मागच्या दाराची बिजागरी
पाच-सहा हजारांत कुठेतरी कुईकुई करते.
रोज सकाळी मी तेलाचा कॅन हातात घेतो.
केव्हा म्हणाल, तर सात वाजून दहा मिनिटांनी,
कुई.
आली.
कॅन परत फळीवर.